न वाचणाऱ्या माणसाच्या हातात पहिलं पुस्तक कोणतं द्यावं?

दुपारचं_वाचनालय

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी आमचं वाचनालय आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि गेली चार वर्षं दुपारी दोन ते पाच देवघेवीच्या टेबलाशी बसते. ग्रंथपाल सकाळी आणि संध्याकाळी असतात. दुपारी दाराला कुलूप लागलेलं माझ्याच्यानं बघवेना, म्हणून किल्ली मागून घेतली.

आमच्याकडे वाचकांनी एकमेकांना पुस्तकं सुचवायची एक पद्धत पडली आहे. शिवणकाम करणाऱ्या एक ताई 'पाडस' परत करून गेल्या. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेली, फ्लोरिडाच्या रानात राहणाऱ्या मुलाची आणि त्यानं पाळलेल्या हरणाच्या पिल्लाची ती गोष्ट. पुस्तक कपाटात लावताना आतून किराण्याचं बिल खाली पडलं. त्याच्या मागे लिहिलं होतं, 'ज्या आईचा मुलगा तिच्या खांद्याला लागलाय तिनं हे वाचावं. रात्री वाचू नये, सकाळी डोळे सुजतात.' मी ते बिल पुस्तकातच राहू दिलं. एरवी वर्षात एखाद्या वेळी बाहेर जाणारं 'पाडस' त्या दोन महिन्यांत चारदा गेलं.

मग आम्ही चिठ्ठ्याच सुरू केल्या. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून टेबलावर डब्यात ठेवते. पुस्तक परत करताना ज्याला वाटेल त्यानं दोन ओळी लिहायच्या. नियम दोनच. एक, शेवट सांगायचा नाही. एकानं तो सांगितला होता आणि कॉलेजातली एक मुलगी अक्षरशः रडवेली होऊन पुस्तक ठेवून गेली. दुसरा, 'छान', 'अप्रतिम', 'वाचनीय' हे शब्द नकोत, कुणी वाचावं तेवढं लिहायचं. हा दुसरा नियम माझा आणि त्यावर मी अडून बसले. 'अप्रतिम' वाचून कुणी थांबत नाही. 'ज्याचा सख्खा भाऊ त्याच्याशी बोलत नाही त्यानं वाचावं' अशी चिठ्ठी दिसली, की कपाटासमोर माणूस उभा राहतो.

अडचण अशी, की या चिठ्ठ्या वाचणाऱ्यांनी वाचणाऱ्यांसाठी लिहिलेल्या आहेत. जो आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयाची पायरी चढला त्याला द्यायला माझ्या डब्यात चिठ्ठी नाही. अशी दोन माणसं सध्या माझ्यासमोर आहेत.

पहिले एक काका, बासष्ट वर्षांचे. पाटण तालुक्यातले, आता मुलाकडे आमच्या गावी असतात. उमेदीची सगळी वर्षं कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याच्या बोगद्यांत काढली, दगडाला भोकं पाडायच्या यंत्रावर. १३ मार्च १९९९ ला शिवसागराला, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाला, तळातून वाट करून पाणी बोगद्यात घेतलं, ते लेक टॅपिंग, त्या दिवशी ते कामावर होते. जानेवारीत ते आमच्याकडे आले ते पुस्तकासाठी नव्हे. त्यांच्या पत्नी आमच्या सभासद होत्या, दिवाळीनंतर गेल्या. त्यांचं कार्ड घेऊन अनामत परत मागायला आले होते. मी पैसे काढले, पावती केली, आणि मनात आलं ते बोलून टाकलं, 'कार्ड तुमच्या नावावर करू का?' ते बराच वेळ कार्डाकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'डोळ्याचं आप्रेशन झालंय. आता दिसतंय बरं. करा.'

पत्नीनं शेवटी नेलेली कादंबरीच त्यांनी मागितली. दोन दिवसांत परत. 'बाई, मला खोटं नगं. कामाची मानसं असली तर द्या.' मी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' दिली. धनगरांच्या वाडीवर गेलेला कोवळा मास्तर, छोटं पुस्तक, साधी वाक्यं. ती त्यांनी पुरी केली, चार दिवसांत. मला फार आनंद झाला. पण परत देताना म्हणाले, 'मानसं खरी हाएत. पर ते मेंढराचं काम. माझं काम कुनी लिवलंय का?'

या प्रश्नावर मी गप्प बसले. बोगदा, सुरुंग, दगड, पाळ्या, हे कुणी मराठीत लिहिलंय का, मला तेव्हा काही आठवेना.

दुसरा एक मुलगा, सातवीतला, इंग्रजी माध्यमातला. आजी सोमवारी बाजाराला येते तेव्हा त्याला माझ्याकडे बसवून जाते. मराठी अक्षरं जुळवत वाचतो आणि जाड पुस्तक पाहिलं की हात मागे घेतो. प्राण्यांचं वेड आहे.

तुमच्या अनुभवातलं सांगा. नावांची यादी नको, कुणाला दिलंत आणि काय झालं ते हवं.

कातळ

ताई, काकांच्या प्रश्नाला उत्तर आहे. प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंग ढांग'.

मी रत्नागिरीकडचा, रस्त्यांच्या कामावर पंचवीस वर्षं काढली. या कादंबरीत मुंबई सोडून एक तरुण इंजिनिअर हिमालयात बॉर्डर रोड्सच्या, म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या संघटनेच्या, कामावर जातो. ढांग म्हणजे सरळसोट उभा कडा. त्या कड्यातून रस्ता कोरायचा आहे. सुरुंग आहेत, दरडी आहेत, लांबून आलेले मजूर आहेत आणि त्यांची किंमत कोण करतं हा प्रश्न आहे. कागदावरच्या नियमाप्रमाणे वागायचं, की समोरच्या कामाला जे हवं ते करायचं, हा झगडा तर साइटवर राहिलेल्या प्रत्येकानं भोगलेला असतो.

मला हे पुस्तक एका सुपरवायझरनं दिलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो, बाहेर पाऊस. त्यानं एवढंच सांगितलं, 'साहेब, मजुराला हाक मारायच्या आधी हे वाचा.' तुमच्या दुसऱ्या नियमात बसणारी याहून चांगली चिठ्ठी मी पाहिली नाही.

एक काळजी घ्या. लष्करी हुद्दे आणि त्यांची बोलण्याची रीत सुरुवातीला परकी वाटेल. काकांना आधीच सांगून ठेवा, की कॅप्टन कोण आणि मेजर कोण हे लक्षात नाही राहिलं तरी चालतं, रस्त्यावर लक्ष ठेवा.

दाखलपुस्तक

मी कोल्हापूरकडच्या एका 'ब' वर्ग वाचनालयात अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. चिठ्ठ्यांचा उपक्रम मनापासून आवडला. काही कामाच्या गोष्टी सांगतो, रागावू नका.

चिठ्ठी डिंकानं चिकटवू नका. डिंक आणि खळ म्हणजे कसरीला आमंत्रण. चिकटपट्टी तर नकोच, पाच-सात वर्षांत ती पिवळी पडते आणि काढताना पान घेऊन येते. टाचणी गंजते. लग्नपत्रिकेचा कागद जाड असतो, तो नुसता खुणेसारखा ठेवावा, वर थोडा बाहेर डोकावेल असा. वाचकांना पेन्सिलच द्या. ओल्या दिवसांत शाई समोरच्या पानावर उमटते, हे मी ज्ञानकोशाच्या एका खंडावर झालेलं पाहिलं आहे आणि अजून विसरलो नाही.

दुसरं, जी पुस्तकं आपोआप फिरतात त्यांना चिठ्ठीची गरज नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचा कागद असतो. ज्याच्यावर पाच वर्षांत एकही शिक्का नाही अशी पुस्तकं दर आठवड्याला दहा काढा आणि जाणत्या वाचकांना त्यातलं एक-एक वाचून चिठ्ठी लिहायला सांगा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यात वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं हा एक आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हा दुसरा. पहिला सगळ्यांना पाठ असतो. दुसऱ्यासाठी कपाटापुढे उकिडवं बसावं लागतं, कारण न गेलेली पुस्तकं नेहमी खालच्या खणात असतात.

मुलासाठी माडगूळकरांचंच 'सत्तांतर' सुचवतो. वानरांच्या टोळ्यांची कथा, पुस्तक बारीक, प्राण्यांचं वेड असलेला मुलगा सोडणार नाही.

आणि ताई, त्या काकांच्या पत्नीचं जुनं कार्ड तुमच्याकडे असेल ना? त्यावर नेलेल्या पुस्तकांचे दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालय प्रत्येक पुस्तकाला देतं ते क्रमांक, असतील. एकदा ते दाखल रजिस्टरशी ताडून बघा. माणूस काय वाचायचा हे घरच्यांना माहीत नसतं, कार्डाला माहीत असतं.

मधली_सुट्टी

'सत्तांतर'बद्दल थोडं अडवते. मी अमरावती जिल्ह्यात शिक्षिका आहे, शाळेचं वाचनालयही माझ्याकडेच. पुस्तक फार मोलाचं आहे, पण टोळीची मालकी बदलते तेव्हा पिल्लांच्या वाट्याला जे येतं ते सातवीतल्या मुलानं एकट्यानं वाचू नये असं मला वाटतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं वाचलं आणि दोन दिवस ती डबा उघडेना. नववी-दहावीत द्या, आणि दिल्यावर त्याच्याशी बोला.

मुळात तुमच्या मुलाची अडचण प्राण्यांची नाही, ताई, अक्षरांची आहे. जो जुळवून वाचतो त्याला वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होते. त्याला धावणारी गोष्ट पाहिजे. मी अशा मुलांना भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' देते, पण हातात देत नाही. पहिलं प्रकरण मी मोठ्यानं वाचते, अगदी ऐन वेळी थांबते आणि पुस्तक टेबलावर उघडं ठेवून घंटा झाली म्हणून निघून जाते. फुरसुंगीचा बनेश आणि त्याची सायकल पुढचं काम करतात. पहिल्या दिवशी अर्धं पान झालं तरी शाबासकी द्या. 'ट्टॉक्' हा आवाज मुलं वर्गात काढायला लागली, की समजायचं पुस्तक लागू पडलं.

पुस्तकाचा जाडपणाच नको असेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, १९७१ पासून चालू आहे. जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्राण्यांवरचा एखादा दोन पानी लेख छापून त्याच्या हातात द्या. दोन पानं संपवल्याचा आनंद त्याला मिळू द्या. हा आनंद त्या मुलांना कधी मिळालेलाच नसतो, म्हणून ती पुस्तकाला भितात.

दुपारचं_वाचनालय

किती जिव्हाळ्यानं लिहिलंत सगळ्यांनी. चिकटपट्ट्या लावलेल्या अकरा पुस्तकांतून काल त्या हळूहळू सोडवल्या. दाखलपुस्तक, तुमचे आभार.

'रारंग ढांग' आमच्याकडे आहे! दुसऱ्या कपाटात, खालच्या खणात. शेवटचा शिक्का सहा वर्षांपूर्वीचा. काकांना दिलं, कातळ यांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगून. बघू.

आता दुसरी गोष्ट. काकूंचं कार्ड मी काढलं. माझ्या आधीच्या वर्षांतलीही दोन कार्डं जोडलेली होती. क्रमांक उतरवून रजिस्टरशी ताडून बघत बसले, दोन दुपारी गेल्या. दिवाळी अंक खूप. पाककृतीचं एकही पुस्तक नाही. मी उगाच धरून चालले होते की असेल. आणि एक क्रमांक तीनदा आला, दोन-दोन वर्षांच्या अंतरानं. 'स्मृतिचित्रे', लक्ष्मीबाई टिळकांचं.

माझ्या अंगावर काटा आला. काकांना सांगू का? पुस्तक पुढे करू का? बायकोनं संसाराबद्दल लिहिलेलं पुस्तक, जे त्यांच्या बायकोनं तीनदा वाचलं. त्यांना बरं वाटेल की लागेल, मला ठरवता येईना.

पेटीतलं_पुस्तक

मी दुबईत असते. इथल्या मराठी कुटुंबांत नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेची पेटी येते. गटातल्या सगळ्यांचं वाचून झालं की ती पुढच्या गटाकडे आणि त्यांची आमच्याकडे. पेटीत काय येईल ते आपल्या हातात नसतं, त्यामुळे मी स्वतः होऊन कधी उचललं नसतं असं खूप वाचलं. 'स्मृतिचित्रे' मला असंच मिळालं.

माझ्या आईला आता दिसत नाही. ती पुण्यात, मी इथे. रोज रात्री फोनवर वीस मिनिटं मी तिला ते वाचून दाखवलं. मोठ्यानं वाचायला त्याच्यासारखं दुसरं पुस्तक मला माहीत नाही, कारण लक्ष्मीबाई लिहीत नाहीत, बोलतात. १९३४ ते ३६ मध्ये आलेलं पुस्तक आणि आईला एकही शब्द अडला नाही. लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि दोघांची ताटातूट झाली, तो सगळा भाग वाचताना आई फोनवर इतकी शांत असायची की मी 'आहेस ना?' विचारायची. पण तिथेच पुढच्या पानावर हसूही येतं. नवऱ्याच्या विक्षिप्तपणाचा एवढा त्रास सोसलेली बाई त्याच्याबद्दल इतक्या मायेनं कशी लिहिते, यावर आम्ही दोघी महिनाभर बोललो. माझ्या वडिलांबद्दल आई पहिल्यांदा मोकळी बोलली ती त्याच महिन्यात.

म्हणून माझं मत असं, की काकांना सांगा, पण पुढे करू नका. काकूंनी हे तीनदा नेलं होतं एवढंच सांगा आणि पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते सांगा. हात त्यांचा त्यांनी पुढे करावा. आणि दिलंत तर एकदम सगळं वाचायला सांगू नका. पुस्तक मोठं आहे. रोज चार पानं.

कातळ

पेटीतलं_पुस्तक यांच्याशी सहमत. आणि ताई, तो खालचा खण वाचून बरं वाटलं नाही. सहा वर्षं! मी इथल्या आमच्या वाचनालयातही उद्या जाऊन बघतो कुठे ठेवलंय ते.

दुपारचं_वाचनालय

तीन आठवडे झाले, म्हणून लिहिते.

मुलाचं आधी. मधली_सुट्टी यांनी सांगितलं तसंच केलं. माझ्याकडे घंटा नाही, म्हणून ऐन ठिकाणी 'चहा टाकून येते' म्हणून आत गेले. आले तेव्हा तो बोट ठेवून वाचत होता, ओठ हलत होते. त्या दिवशी पाऊण पान. पुढच्या सोमवारी तीन पानं. काल आजी बाजार उरकून आली तर तो उठेना. ती भाजीची पिशवी घेऊन अर्धा तास बाकावर बसून राहिली आणि एकदाही 'चल' म्हणाली नाही. 'किशोर'मधला खवल्या मांजरावरचा एक लेख छापून दिला होता, तो घडी करून दप्तरात ठेवला आहे म्हणे. 'सत्तांतर' मी वरच्या कपाटात ठेवलंय, दोन वर्षांनी त्याच्याबरोबर बसून वाचीन.

आता काका. 'रारंग ढांग' नऊ दिवसांनी आणलं. टेबलावर ठेवलं आणि बाकावर बसले. मी काही विचारलं नाही. मग तेच सुरू झाले आणि पाच वाजून गेले तरी आम्ही बसलो होतो. सुरुंग भरताना आधी कोण मागे सरायचं, धूर निवायच्या आत आत गेलं तर काय होतं, पहिल्या पाळीला बोगद्याच्या तोंडाशी नारळ कुणी ठेवायचा. त्यांच्या गटातला एक जण दरडीखाली गेला, त्याचं नाव त्यांनी मला सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, पण माझ्या वहीत लिहून ठेवलंय. 'यातल्या मजुराला नाव हाय, बाई. आमची नावं कुनाला ठावं?' एवढं बोलून थांबले.

चिठ्ठी लिहाल का म्हणून विचारलं. अक्षर बरं नाही म्हणाले, तुम्ही लिहा, मी सांगतो. मी 'तुमच्याच हातानं' म्हणून पेन्सिल पुढे केली. वेळ लागला. त्यांनी लिहिलं तसं देते, मी एक अक्षर बदललेलं नाही:

'ज्याला घाटाचा रस्ता गाडीत बसून आवडतो त्याने हे वाचावे. रस्ता कसा होतो ते कळेल. धूर निवल्याशिवाय आत जाऊ नये.'

शेवटचं वाक्य पुस्तकासाठी आहे की कामासाठी, मी विचारलं नाही. चिठ्ठी आत ठेवली आणि पुस्तक खालच्या खणात परत न ठेवता टेबलाजवळच्या रॅकवर उभं केलं. परवा एसटीत कंडक्टर असलेला एक मुलगा घेऊन गेला.

काकूंच्या कार्डाचंही सांगितलं. जेवढं तुम्ही म्हणालात तेवढंच: तीनदा नेलं होतं, पुस्तक पहिल्या कपाटात आहे. ते उठून कपाटापाशी गेले, काढलं, मधलं एक पान उघडून उभ्या उभ्या वाचलं. मग मिटून परत माझ्याकडे आणून दिलं. 'तिला कायतरी वाचताना हसू यायचं. मी इचारायचो न्हाई. ठेवा बाजूला. पावसाळा लागला की नेतो.'

आमच्याकडे त्याच्या दोन प्रती आहेत. काकूंनी नेली ती, तिन्ही वेळचे शिक्के असलेली, मी टेबलाच्या खणात ठेवली आहे. दुसरी कपाटात आहे, इतर कुणाला हवी असेल तर.

कातळ

ताई, काकांना माझा नमस्कार सांगा. मे महिन्यात कोयनेच्या बाजूला येणार आहे. त्यांची हरकत नसेल तर एक दुपार तुमच्या बाकावर येऊन बसेन. त्यांच्या गटातली नावं त्यांनी सांगितली तर तुमच्या वहीत उतरवून घ्यायला दोन हात होतील.